बहात्तर फूट

भाऊ गेल्याची चिठ्ठी एका ट्रकवाल्यानं आणून दिली, तेव्हा मी बल्लारपूरला सासरी धान पाखडत होते. त्याला महिना होऊन गेला... अजून नीट रडले नाही. आधी राग निघू दे, मग रडू.

नामदेवभाऊ, माझा थोरला भाऊ, हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचा. आमची धाकटी शांता सिंदेवाहीच्या सडकेवर लाकडाच्या ट्रकाखाली गेली. ट्रक ठेकेदार स्वतः हाकत होता. आम्ही धावलो तर शांता ब्रेकानं घासत गेलेल्या चाकांच्या खुणेच्या टोकाला पडलेली, आणि भाऊ बैलाचा कासरा घेऊन ती खूणच मोजत बसलेला! माझं डोकंच फिरलं.

"काऊन रे, तुले लाज नाई वाटत? पोरगी मरून पडली अन् तू दोर लावून राह्यला?"

"सकाळी बाया इथी शेणसडा टाकतीन," तो मान वर न करता म्हणाला. "मंग काहीच नाई राहत."

खरंच होतं. अपघाती मरणाची जागा कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आमच्याकडे सडा टाकतात. बायांनी मायेनंच टाकला, खूण गेली. पण मी मेली दोन वर्षं भावाशी बोलले नाही.

कासऱ्यानं खूण भरली बहात्तर फूट. कोर्टात ठेकेदार म्हणाला, गाडी ताशी पंधरा मैलांनी होती, पोरगीच आडवी आली. भाऊनं एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून तेवढाच भरलेला ट्रक त्याच सडकेवर तीस मैलांनी पळवला अन् ब्रेक मारायला लावला. साडेसाठ फुटांत थांबला. म्हणजे ब्रेक लागला की वेग दर सेकंदाला सोळा फुटांनी, शेवटपर्यंत एकसारखा, कमी होतो. त्यावरून बहात्तर फुटांचा वेग निघाला तासाला तेहतीस मैल. पंधरानं असता तर ट्रक पंधरा फुटांत उभा राहिला असता. माझी शांता घरी आली असती!

"मास्तर, हे पोरांले शिकवा," ठेकेदाराचा वकील हसला. ठेकेदार सुटला.

शिकवलंच त्यानं. दरवर्षी फळ्यावर तेच गणित. पुढे ठेकेदाराचा पोरगाही त्या वर्गात आला, त्यानंही सोडवलं, वही घरी नेऊन दाखवली. ठेकेदार तणतणत शाळेत आला, तर भाऊ शांतपणे म्हणाला, "गणितात तुमचं नाव कुठी हाये?"

भाऊच्या तेराव्याला हाच ठेकेदार हार घेऊन आमच्या दारात! "मास्तर देवमाणूस होता, बाई."

मी दार अडवलं. घर माणसांनी भरलेलं. "हार मंग घाला. गाडी कितीनं होती, ते आधी सांगा."

त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. कोणी मधे पडलं नाही.

"...तेहतीस," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. माय आत बसली हाये, तिले कमी ऐकू येते."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मगच मी बाजूला सरले.