दसऱ्याचा डबा लाच होता का

बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का, असं विचारणारी कंपनी मी पहिल्यांदाच पाहिली.

पीण्या इंडस्ट्रियल एरियात माझी शेड आहे. चार लेथ, एक ग्राइंडिंगचं मशीन, सात माणसं, त्यांत दोन बायका. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आम्ही पोलादी पिना करून देतो. पिन करंगळीएवढी असते आणि पंपातल्या बुशच्या, म्हणजे छोट्या नळीच्या, भोकात बसते. तीस वर्षांच्या वर झाली, कंपनी तीच आणि पिनही तीच. कागद मात्र नवा. माल पुरवणाऱ्यांनी कसं वागायचं याचे नियम त्यात होते. बावीस पानं, सगळी इंग्रजीत. मी कानडी शाळेत सातवीपर्यंत गेलो. मराठी आमच्या घरात बोलायची भाषा, लिहायला मला लग्नानंतर बायकोनं शिकवलं. ती निपाणीची, मॅट्रिक झालेली. तिला जाऊन दीड वर्ष झालं, त्यामुळे आता मी काही चुकीचं लिहिलं तर दाखवायला कोणी नाही.

मुलगा कॉम्प्युटरवर एकेक प्रश्न वाचायचा आणि मला अर्थ सांगायचा.

“अप्पा, अठरा वर्षांखालचं कोणी कामाला आहे का?”

“सगळ्यात लहान तूच आहेस. बेचाळीस लिही.”

“जुनं तेल कुठं टाकता?”

“पूर्वी गटारात. आता पिंपात भरून नेतात. दोन्ही लिही.”

“पूर्वीचं नाही विचारलं त्यांनी.”

कडी नव्हतीच. बायको कित्येक वर्षं सांगत होती आणि मी म्हणत होतो, दार ओढून धर की. कंपनीनं विचारलं त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः कडी बसवली. दहा मिनिटांचं काम. शेवटचा स्क्रू आवळताना मला माझीच शरम वाटली.

पण त्या कागदाची मला गोडी लागली, हे खरं. जेवण झालं की मी मुलाच्या मागे लागायचो, अजून एक पान वाच. इतकी वर्षं मी समजत होतो की कंपनीला फक्त माप हवं असतं. पिन जाड नको, बारीक नको, संपलं. आता ते विचारत होते की माणसाला सुट्टी मागितली तर देता का, शिव्या देता का, मशीनवर बोट गेलं तर काय करता. हे सगळं ते कशानं मोजणार, हे मला बघायचं होतं. माझ्याकडे पिन मोजायला गेज आहे. पोलादी कडं असतं, त्यातून पिन गेली तर बरोबर, अडकली तर जाड. वागणं मोजायचं कडं त्यांनी कुठून आणलं असेल?

एकोणिसाव्या पानावर प्रश्न आला. आमच्या कंपनीच्या कोणत्याही माणसाला तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी कधीही भेटवस्तू, खाण्याचे पदार्थ किंवा आणखी काही दिलं आहे का? होय किंवा नाही. होय असेल तर तपशील द्या.

मुलानं वाचता वाचताच ‘नाही’वर खूण करायला हात नेला.

“थांब,” मी म्हटलं. “डबा?”

आमच्याकडे आयुधपूजेला मशीनं धुऊन पुसून घेतात, त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात आणि शेडच्या दाराशी कोहळा फोडतात. कामगारांना चुरमुऱ्यांची आणि बुंदीची पिशवी मिळते. त्याबरोबर बायको एक स्टीलचा डबा भरायची, वर कडबोळी, खाली बेसनाचे लाडू. तो डबा कंपनीच्या इन्स्पेक्टरचा. दर महिन्याला शेडवर येऊन माल तपासणारा माणूस, तो पास म्हणाला तरच गाडी भरायची. चार-आठ दिवसांनी त्यांच्या घरून डबा परत यायचा, त्यात चटणीपुडी असायची. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत त्यांच्याकडेही होती. असे तेवीस दसरे झाले. मग ते रिटायर झाले.

“अप्पा, ते फराळ होतं,” मुलगा म्हणाला. “असलं कोण लिहितं?”

“दिलं होतं ना? मग नाही कसं लिहितोस?”

“होय लिहिलं तर यादीतून काढतील. आपलं बहुतेक काम त्यांचंच आहे. शेडला कुलूप लावायचंय का?”

त्याचं चूक नव्हतं. सात माणसांच्या घरी त्या पिनांवरच चूल पेटते. पण ‘नाही’ लिहायचं म्हणजे तेवीस वर्षं ती कढईपुढे बसली होती ते पुसून टाकायचं. आणि ‘होय’ लिहिलं तर माझ्या बायकोनं लाच दिली, असं कंपनीच्या कागदावर राहणार. ती उत्तर द्यायला नाही. मी मुलाला म्हटलं, दोन दिवस काहीच लिहू नकोस. आधी मला कळू दे, ती लाच होती की नव्हती.

माझ्या मनात एक वर्ष होतं. मुलाला ते माहीत नव्हतं.

त्या वर्षी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टरांनी माझा अख्खा माल नापास केला. पिना जाड आहेत म्हणाले. मी माझ्या गेजमधून दहा पिना त्यांच्यासमोर सरसर घालून दाखवल्या. ते म्हणाले, माझ्या गेजमधून जात नाहीत. मी म्हटलं, मग तुमचं गेज फेका. ते गाडीत बसून निघून गेले. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, यंदा त्या माणसाला डबा नाही. तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेतला आणि एकटी रिक्षानं त्यांच्या घरी गेली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, “दिला.”

सुट्टी संपल्यावर इन्स्पेक्टरांचा निरोप आला की गेज तपासून घ्या, पिना परत घासा, मी पुन्हा येतो. ऑर्डर तोडायची सोडून त्यांनी मला दुसरी संधी दिली. मी तेव्हाच समजलो की बायकोनं हातापाया पडून काम करून घेतलं. तिला कधी विचारलं नाही. लाज वाटली. नंतर विचारायचं राहिलं ते राहिलंच.

इन्स्पेक्टर आता बनशंकरीला राहतात. पीण्याहून तिथं थेट मेट्रो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ते खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, गुडघ्याला पट्टा. त्यांच्या बायकोनं कॉफी आणून दिली आणि ती आत गेली. आम्ही दोघं कानडीतच बोलतो, मी इथं मराठीत लिहितो.

“सार,” मी म्हटलं, “माझ्या बायकोचा डबा खाऊन तुम्ही कधी माझा वाईट माल पास केलात का?”

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

“अण्णा, हे विचारायला मेट्रोनं आलात?”

“हो.”

“फोन नाही का तुमच्याकडे?”

“फोनवर तुमचं तोंड दिसत नाही.”

ते खोकत खोकत हसले. मी कंपनीच्या कागदाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही त्या वर्षाचं विचारताय. माझं गेज फेका म्हणाला होतात, ते.”

“तेच. ती तुमच्याकडे येऊन काय म्हणाली?”

“तुम्हाला सांगितलं नाही तिनं?”

“दिला म्हणाली. एवढंच.”

ते गुडघ्याचा पट्टा सारखा करत म्हणाले, “अक्का दारातच उभी होती. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, सार, नापास केलेला तो माल पास करू नका.”

मी म्हटलं, “काय?”

“पास करू नका म्हणाली. पिना तेलकट कागदात ती गुंडाळायची ना? तिनं गंमत म्हणून एक पिन शेडवरच्या नमुन्याच्या बुशमध्ये घालून बघितली. जाईना. दुसरी घातली, तीही जाईना. तुम्हाला सांगायला आली तर तुम्ही म्हणालात, तू गुंडाळ, मापाचं मी बघतो.”

“असं मी म्हटलं?”

“मला काय माहीत? अक्का म्हणाली.”

मी म्हटलं होतं. शब्द ऐकले आणि माझा त्या वेळचा आवाजसुद्धा मला आठवला.

“तिचं म्हणणं,” ते पुढे म्हणाले, “यांचं गेज झिजलंय. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. माल अडवूनच ठेवा, पण गेज तपासून आणायला सांगा आणि पुन्हा एकदा या. आणि मी हे बोलले ते त्यांना सांगू नका.”

गेज झिजतं हे मलाही ठाऊक होतं. रोज शेकडो पिना त्या कड्यातून जातात, आतलं पोलाद हळूहळू घासलं जातं, भोक मोठं होतं आणि जाड पिनही सहज आरपार जाते. दुसऱ्याच्या शेडमध्ये मी ते एका नजरेत ओळखलं असतं.

“मग डबा कशाला दिला?” मी विचारलं.

“दसरा होता म्हणून. मीही तेच म्हटलं तिला, अक्का, सगळं उलटं चाललंय. लोक डबा आणतात ते पास करा म्हणायला. ती म्हणाली, डब्याचं वेगळं, पिनांचं वेगळं.”

मी कॉफी प्यायलो. गार झाली होती.

“म्हणजे लाच नव्हती,” मी म्हटलं.

“तिच्या बाजूनं नव्हती. माझ्या बाजूचं मला विचाराल तर सरळ सांगतो. तुमच्या शेजारच्या रस्त्यावर एक शेड होती, तिथून मला कधी काही आलं नाही. तिथं मी जास्त कडक होतो का? स्वल्प असेनही. लाडू खाल्लेल्या घरी तोंड वाकडं करायला जड जातं. कंपनीनं डबे बंद केले ते काही चूक नाही, अण्णा.”

“हे लिहू का?”

“लिहा. मला आता कुठून काढणार?”

परतताना मेट्रोत एका मुलीनं उठून मला जागा दिली. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. पीण्या कधी मागे गेलं ते कळलं नाही, पुढच्या स्टेशनावर उतरून उलटा आलो.

घरी येऊन मुलाला म्हटलं, होयवर खूण कर. त्यानं केली, पण माझ्याकडे बघत राहिला. तपशील मी कागदावर माझ्या हातानं लिहिला आणि त्याला कॉम्प्युटरमध्ये घालायला सांगितलं.

“मराठीत? तिकडं कोण वाचणार अप्पा?”

“वाचणारा शोधतील. तपशील त्यांनीच मागितलाय.”

दसऱ्याला डबा देत होतो, त्यात काय असायचं, परत काय यायचं, हे लिहिलं. माझ्या बायकोनं एकदा माझा माल अडवून ठेवायला लावला आणि ती बरोबर होती, हे लिहिलं. इन्स्पेक्टर स्वल्प असेनही म्हणाले, तेही लिहिलं. मुलानं वाचलं. त्याला आईची ही गोष्ट माहीत नव्हती. तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं आत आला. मग पाठवून दिलं.

दोन आठवड्यांनी कंपनीची एक मुलगी शेडवर आली. पुण्याची होती, म्हणूनच तिला पाठवलं असणार. तिनं आग विझवायची नळकांडी बघितली, तेलाची पिंपं बघितली, गेज तपासल्याचे कागद मागितले. मग माझं पत्र काढलं.

“काका, अॅक्चुअली सगळे सप्लायर इथं ‘नाही’च टिक करतात.”

“सगळ्यांकडे दसरा नसेल.”

ती हसली, मग परत गंभीर झाली. “पण मी रिपोर्टमध्ये हे काय म्हणून दाखवू? गिफ्ट की नॉट गिफ्ट?”

“तुमच्या कागदात तिसरा रकाना आहे का?”

“नाही.”

“मग होयच राहू दे. दिला होता.”

“आणि यापुढे?”

“यापुढे कोण करणार? करणारी गेली.”

तिनं पेन खाली ठेवलं. “सॉरी काका. मला माहीत नव्हतं.” मग स्वतःच कामगार बायकांकडे गेली आणि त्यांच्याशी बराच वेळ तोडक्या कानडीत बोलत बसली. काय विचारलं ते मी नंतर त्यांना विचारलं. मालक ऐकून घेतो का, असं विचारलं म्हणाल्या. तुम्ही काय सांगितलं म्हटलं तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

महिन्याभरात कंपनीचं उत्तर आलं. मुलानं वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला. आम्ही यादीत राहिलो. त्यात लिहिलं होतं की पूर्वी सणाला फराळ दिल्याचं पुरवठादारानं स्वतःहून कळवलं, मालाच्या दर्जावर त्याचा परिणाम दिसत नाही, यापुढे देऊ नये. मी परत वाचायला लावलं.

“तिनं माल अडवला ते कुठाय?”

“नाहीये.”

“परिणाम दिसत नाही म्हणतात. तिनं केलेला परिणाम काय कमी होता?”

“अप्पा, यादीत आहोत. त्यांना तेवढंच बघायचं होतं.”

ते बरोबर होतं. कागदात खोटं काही नव्हतं. तिचं नाव लाच देणाऱ्यांत आलं नाही आणि सात माणसांचं काम राहिलं. कंपनीला हवं होतं तेवढं कंपनीला मिळालं. माझ्या डोक्यात मात्र आता नवीनच किडा शिरला. माझ्या पाठीमागे, माझ्याच शेडसाठी, तिनं एक काम केलेलं मला इतक्या वर्षांनी कळलं. एकच होतं का?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या टर्नरजवळ जाऊन उभा राहिलो. पहिल्या लेथपासून तो माझ्याकडे आहे. बायको त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची.

“काय रे,” मी म्हटलं, “अक्कानं तुला कधी माझ्यामागे काही सांगितलं होतं का?”

त्यानं मान वर केली नाही. “कशाबद्दल?”

“कशाहीबद्दल. कामाबद्दल. माझ्याबद्दल.”

त्यानं लेथ बंद केला. भर कामाच्या वेळी, मला न विचारता. चिंधीनं एकेक बोट पुसलं.

“बसा अण्णा,” तो म्हणाला. “आधी चहा सांगा. स्वल्प वेळ लागेल.”