सिंधूताईंनी काढलेला माग

माझी आई सिंधूताई. नागपूर-उमरेड एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होती. प्रत्येकाला 'कुठून बसले?' विचारायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. मोबाइलवर काही आलं की पाठवणाऱ्याला विचारणार, "तुले कोणी धाडलं?" लोक वैतागतात. मीही वैतागायचे.

गेल्या मार्चात वस्तीच्या ग्रुपवर फोटो आला. आमचा संत्रेवाला गिरिधर एका पाठमोऱ्या पोरीचा हात धरून चाललेला. खाली मजकूर: 'पोरं पळवणारा, सावध राहा.' तासाभरात वस्तीतल्या तरण्या पोरांनी त्याला विहाराच्या पायरीवर बसवलं. कोणी दोर आणायला धावलं. शेजारच्या प्रशिकनं मोबाइलमधल्या एआयला 'पोरं पळवणारे कसे ओळखायचे?' विचारलं, तर त्यानं पोरं पळवणाऱ्यांची लक्षणं धडाधड सांगितली. झालं, हाच म्हणे पुरावा! डोकंच फिरलं माझं.

ग्रुपची ॲडमिन आईच. तिनं सगळ्यांचंच ग्रुपवर लिहिणं बंद केलं आणि पायरीपाशी आली.

"मावशी, तोंड दाबून राहिल्या का आमचं?" प्रशिक ओरडला.

"हो, एक तास. आन् याले हात लावाल तर माह्याशी गाठ आहे."

म्हाताऱ्या रुपरावकाकांना गिरिधरजवळ बसवून ती दारोदार निघाली. मी मागे. प्रत्येक दारात तोच प्रश्न. चौथ्या दारात पियूष म्हणाला, सोनिकाच्या बहिणीच्या ग्रुपवरून आला. सोनिका आमच्याच गल्लीतली, भीतीनं दार लावून बसलेली.

"फोटो मीच काढला, मावशी," ती रडायला लागली. "पोरगी माहीच आहे. नाली उघडी होती, गिरिधरभाऊंनी हात धरून पार नेली. कौतुकानं बहिणीले पाठवला. खालचं मी नाही लिहिलं."

ते कोणी लिहिलं, आजही कळलेलं नाही.

आईनं तिला पोरीसकट पायरीशी आणलं. सोनिकानं सगळ्यांदेखत सांगितलं. पोरं पांगली. माफी एकानंही मागितली नाही.

गिरिधर पायरीवरून उठला. "ताई, तुमचा तरी माह्यावर भरोसा होता ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नव्हता, गा," आई म्हणाली. "म्हणूनच विचारत फिरली."

माझी मान अभिमानानं ताठ झाली.

"बरं केलं, ताई," गिरिधर म्हणाला. "तुमच्या नुसत्या भरोशावर या पोरायनं मले सोडलं नसतं."