साडेसत्तावीस की एकोणतीस

भिवंडीत सायकलचं दुकान चालवणाऱ्या माणसाला चाकांबद्दल कोणी शिकवू नये, असं माझं मत होतं. मत कसलं, माज होता. धामणकर नाक्याजवळ आमचं दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून लूमवरचे कामगार तिथे सायकली घेऊन येतात आणि मी शाळेत असल्यापासून चाकं बांधतोय. मधल्या हबमध्ये एकेक स्पोक ओवायचा, रिमला जोडायचा आणि पान्याने ताण देत देत, रिम सरळ फिरेपर्यंत आऊट, म्हणजे तिचा वाकडेपणा, काढत बसायचं. बाहेर शेअर रिक्षावाले कितीही बोंबलू देत, कुठला स्पोक ढिला आहे ते मी बोटाने छेडून सांगतो. त्यामुळे माझ्याच मुलीने मला चाकाच्या मापावरून उलट उत्तर दिलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

मुलगी बावीस वर्षांची. कशेळीच्या एका गोदामात हातात स्कॅनर घेऊन उभं राहायची तिची ड्युटी. सुट्टीच्या दिवशी ती सायकलवरून डोंगर उतरते. याला डाउनहिल म्हणतात. सायकल ढकलत वर न्यायची, तोंड झाकणारं हेल्मेट घालायचं आणि दगड, खड्डे, मुळं यांच्यातून जमेल तितक्या वेगाने खाली यायचं. पडघ्याच्या पुढे एका टेकडीवर या लोकांनी स्वतः कुदळ मारून वाट केली आहे. बायको खाडीकाठच्या गावातली, तिला हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. "सायकल हाय का मौत का कुआं?" असं तिने एकदाच विचारलं आणि मग डबा भरून द्यायला लागली.

मुलीची सायकल आम्ही ठाण्यातल्या एका माणसाकडून जुनी घेतली. तिचं पुढचं चाक एकोणतीस इंची होतं आणि मागचं साडेसत्तावीस. मला ते बघवेना. ट्रॅक्टर उलटा जोडल्यासारखी दिसायची. फ्रेममध्ये मागे दोन्ही मापांची चाकं बसतील अशी सोय होती, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, मागेही एकोणतीस घालू.

"नको," ती म्हणाली. "मागे लहानच बरं आहे."

इथून वाद सुरू झाला. हा काही आमच्या घरातला शोध नाही, डाउनहिलवाल्यांत हा वाद जुनाच आहे. मोठं चाक दगडावरून सहज जातं, खड्ड्यात कमी पडतं, एकदा वेग धरला की सोडत नाही. लहान चाक चटकन वळतं, आणि तीव्र उतारावर माणूस सीटच्या मागे झुकतो तेव्हा त्याच्या खाली टायरला जागा राहते. उंच माणसाला त्याचं काही नाही. माझी मुलगी आईच्या वळणावर गेलेली, पाच फुटांच्या आतबाहेर. मागचं चाक दगडावर आपटून वर उसळलं की लहान चाकातही टायर आणि तिची बैठक यांत चार बोटंसुद्धा उरत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

माझं म्हणणं वेगळं होतं, आणि ते कुठून आलं होतं हे आता मला नीट कळतं. आमच्याकडे कोणी पोराला सायकल घ्यायला आलं की पोराच्या मापाची सायकल कधीच घेत नाही. वाढत्या अंगाची घेतात. शाळेचा शर्ट, बूट, सायकल, सगळं एक नंबर मोठं. पोरगं पेडलवर उभं राहून हेलकावे खात जातं आणि बाप समाधानाने बघत असतो. मीही इतकी वर्षं प्रत्येकाला हाच सल्ला दिलाय. "बडा लो भाई, बाद में काम आएगा." मोठं चाक म्हणजे चांगलं चाक, हे माझ्या हाडांत गेलेलं. बावीस वर्षांच्या मुलीची उंची आता वाढणार नाही, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

उतरणाऱ्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. ठाण्याचे, कल्याणचे, दोनचार आमच्याकडचे. मुलीनेच मला त्यात घातलं होतं, पप्पांना चाकांचं कळतं म्हणून. मी तिथे हा विषय काढला आणि आठवडाभर नुसता धुरळा. अर्धे म्हणाले एकोणतीसच, अर्धे म्हणाले माणूस बघून ठरवा. मी पहिल्या अर्ध्यांचा पुढारी झालो. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. दुकानात दिवसभर पंक्चर काढणाऱ्या माणसाला ग्रुपमधले इंजिनीअर लोक 'सर' म्हणत होते.

आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मुलगी शिफ्टला गेली असताना मी तिच्या सायकलचं मागचं चाक काढलं. नवी एकोणतीस इंची रिम घेऊन दुपारभर बसून स्वतः चाक बांधलं. माझ्या हातून बांधलं गेलेलं ते सगळ्यात सरळ चाक असेल. आणि वाद पुन्हा नको म्हणून जुनं साडेसत्तावीसचं चाक ग्रुपमधल्या एका कल्याणच्या माणसाला देऊन टाकलं. संध्याकाळी ती आली, सायकलकडे बघितलं, आणि विचारलं, "जुनं कुठाय?"

मी सांगितलं. ती आत गेली. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मी बायकोला म्हणालो, होईल सरळ.

पुढच्या रविवारी मी स्टॉपवॉच घेऊन तिच्याबरोबर टेकडीवर गेलो. मी खाली उभा. ती उतरली आणि तिची वेळ आधीपेक्षा कमी आली. खालच्या अर्ध्या वाटेवर सगळे गोल दगड आहेत, तिथे मोठ्या चाकाने आपलं काम केलं होतं. मी घड्याळ तिच्या तोंडासमोर धरलं. "बघ. आता बोल."

"खाली बरं वाटतं," ती हेल्मेट काढत म्हणाली. "वरच्या उतारावर मला मागे झुकता येत नाही पप्पा. दोनदा टायर लागलं."

"मग थोडं पुढे राहा."

"तिथे पुढे राहिलं तर तोंडावर पडेन. तुम्ही एकदा उतरून बघा ना."

मी हसलो. मी त्या वाटेने तोवर एकदाही खाली आलेलो नव्हतो, सायकलवर नाही आणि पायीही नाही. मी फक्त खाली उभा राहून वेळ घ्यायचो. तिचं माप मी दुकानाच्या सपाट फरशीवर घेतलं होतं, तिला सायकलवर सरळ उभं करून, दोन्ही पाय टेकतात का ते बघून. सगळ्यांचं तसंच घेतो.

दोन महिन्यांनी घाटावर एक स्पर्धा होती, तिची पहिली. तिने गोदामात रजा टाकून ठेवली होती. दर रविवारी ती उतरायची, दर रविवारी मी वेळ घ्यायचो आणि वेळ थोडी थोडी कमी होत होती. ती तक्रार करायची थांबली. मला वाटलं, पटलं तिला. आपल्या माणसाने बोलणं सोडलं की त्याला पटलं असं आपण किती सहज धरून चालतो.

स्पर्धेच्या आधीच्या एका रविवारी सकाळी वरून शिट्टी झाली आणि मी घड्याळाचं बटण दाबलं. ती यायची वेळ झाली. वेळ टळलीही. मी घड्याळाकडे बघत राहिलो, आणि मला आधी राग आला, की आज हिने आळस केला. मग ग्रुपमधला एक जण वरून सायकल हातात धरून पळत येताना दिसला. "काका, वर चला," एवढंच म्हणाला.

मी ती वाट पहिल्यांदा चढलो. वरचा उतार भिंतीसारखा होता. उभं राहायला जागा नव्हती, एका दगडाला धरून मी वर गेलो. ती कडेला बसली होती, डावा हात छातीशी धरून. ओठ पांढरे पडले होते. रडत नव्हती. मी तिला उठवायला मागून हात घातला आणि माझ्या हाताला तिची चड्डी फाटलेली लागली. सीटच्या जागी कापड चिरलं होतं आणि त्यावर टायरच्या नक्षीचा काळा पट्टा होता. रबर घासून जसा उठतो तसा. टायरने तिला मागून धरून ओढलं होतं आणि मग फेकून दिलं होतं. मला कोणी आणखी काही सांगायची गरज नव्हती. ती नक्षी माझ्याच दुकानातल्या टायरची होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली. बायको रिक्षा करून धावत आली होती, ती खाटेच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. मुलगी छताकडे बघत म्हणाली, "ब्रेक जास्त दाबला गेला. माझीच चूक."

मी तोंड उघडलं नाही. हेच मला लिहायचं होतं, बाकी सगळं त्याच्या आधीचं आहे. माझी मुलगी मोडलेलं गळ्याखालचं हाड घेऊन खाटेवर पडली होती, मला वाचवण्यासाठी खोटं बोलत होती, आणि मी मूग गिळून बसलो. मला हायसं वाटलं होतं. बापाला असं वाटू शकतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

हाडाला प्लेट टाकावी लागली. स्पर्धा गेली. गोदामात तिला बसून करायचं काम दिलं. ग्रुपवर लोकांनी चौकशी केली आणि दुसऱ्याच दिवशी वाद पुन्हा पेटला, चाक मोठं होतं म्हणून झालं का? एकाने लिहिलं, "ती स्वतः सांगतेय ब्रेक चुकला. यात चाकाचा काय दोष?" आणि मी त्याच्याखाली अंगठा लावला. का लावला विचारू नका. बोट आपोआप गेलं म्हणालो तर ते खोटं होईल. मी विचार करून लावला. मुलगी त्याच ग्रुपमध्ये आहे हे मला अंगठा लावल्यावर आठवलं. काढला, पण तोवर तिने पाहिलं होतं. पाहिलंय हे मला तिच्या जेवणाच्या ताटावरून कळलं. ती माझ्या समोर बसायची ती आईच्या बाजूला जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुकानात मन लागेना. गिऱ्हाईकावर ओरडायचो. एका लूमवाल्याच्या सायकलचं आऊट काढताना तीन स्पोक तोडले. एकच भीती पोखरत होती. ती परत सायकलवर बसेल का, ही ती भीती नव्हती. ती बसणारच होती, माझाच हट्टी रक्तगट आहे. ती माझ्यावर परत विश्वास ठेवेल का, ही भीती होती, आणि तो ठेवावा असं मी काहीच केलं नव्हतं.

एका दुपारी जेवायला घरी आलो. मुलगी गोदामात होती. बायको भाकरी थापत होती. मी ताटावर बसलो आणि घास न घेता सांगून टाकलं, की ब्रेक चुकला नव्हता, चाक चुकलं होतं, ते मी बसवलं होतं, आणि ती नको म्हणत असताना बसवलं होतं.

तिने भाकरी उलटली. "मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "तिची चड्डी मीच धुतली न. काला डाग गेलाच न्हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तीच बोलली मना, पप्पांना काय बोलू नको. लोक चाकं बांधायला त्यांच्याकडं येतात." तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. "तुम्ही कधी बोलताय ते बघत व्हते मी. लय दिवस लावले."

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि कशेळीला गेलो. नेहमीसारखे कंटेनर अडकलेले, शिफ्ट सुटायची वेळ. गेटवर उभा राहिलो. ती बाहेर आली आणि मला बघून आधी घाबरली, "आईला काय झालं?"

"काही नाही. चूक माझी होती," मी म्हणालो. वाटेत खूप तयारी केली होती, पण एवढंच आलं. "चाक मी बसवलं. तू सांगत होतीस. आणि तो अंगठाही मीच लावला."

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे पप्पा. ती तसं म्हणाली नाही. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेने रिक्षाच्या दिशेने चालत राहिलो. बरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. मग मी घाईघाईने म्हणालो, की मी उद्याच साडेसत्तावीसची रिम आणतो, हलकी, चांगली, रविवारच्या आत बांधून देतो, तू बरी होईपर्यंत तयार असेल.

ती थांबली. "ठाण्याला एकाकडे दिलंय बांधायला. पुढच्या आठवड्यात मिळेल."

ठाण्याला. दुसऱ्याकडे. माझ्या मुलीचं चाक. मी विचारलं, "त्याला जमतं का चांगलं?"

"तुमच्याइतकं नाही जमणार," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट ती मला समजावत होती, जसं आजारी माणसाला समजावतात. "पण त्याला मी नको म्हणू शकते पप्पा. तुम्ही बांधलं की मला नको म्हणता येत नाही."

मी बरं म्हणालो. बावीस वर्षांत तिच्या कुठल्याही बोलण्याला मी पहिल्या फटक्यात बरं म्हटल्याचं मला आठवत नाही.