विलायतेतली इस्टेट आणि सकाळचा च्या

आमची सुमन गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं विलायतेतल्या एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या इस्टेटीवरून भांडलो.

मराठीत बोलणारी ती इंग्रज मालिका नातीनं टीव्हीवर लावून दिलेली. जुन्या कादंबरीवरची म्हणे. (आपलं वाचन चौथीपर्यंत!) सगळं धुक्यात. धुक्यातनं घोडागाडी यायची, वकील उतरायचा आणि म्हाताऱ्याचं आणखी एक मृत्युपत्र सापडायचं! इस्टेट पुतणीची की भाच्याची, एवढाच घोळ. शेवटचा एक भाग राहिलेला.

"पोरीलाच मिळणार," सुमन शेंगा फोडत म्हणाली. "म्हाताऱ्याचं सगळं तिनं केलंय."

"केलंय म्हणून मिळत न्हाई! कागद भाच्याकडं हाय."

"लावा पैज. हरंल त्यानं जन्मभर सकाळचा च्या करायचा."

"लावली!"

"बघा हां. तुमच्या हातच्या च्याला कावळासुदिक शिवायचा न्हाई!"

सकाळी च्या आला नाही, म्हणून मला कळलं.

दहाव्याला पंचगंगेवर गेलो. नदीवर तसंच धुकं. मला सारखं वाटायचं, आता ह्यातनं घोडागाडी येणार आणि सुमन उतरणार, हातात शेंगांची बुट्टी. पिंड मांडला. कावळे झाडावर ओळीनं बसलेले, पण एक शिवेल तर शपथ!

"काहीतरी इच्छा राहिलेली दिसते," गुरुजी म्हणाले. "बोला."

पोरगा दत्ता पुढं झाला. "आई, आबांस्नी मी सांभाळतो." कावळे ढिम्म.

पोरगी शोभा म्हणाली, "आई, तुझ्या पाटल्या वहिनीलाच ऱ्हाऊ देत." एका कावळ्यानं मान फिरवली. (त्यालाही खरं वाटलं नसावं!)

मेव्हणा दत्ताला ढोसायला लागला, "जमिनीचं बोल की!"

दत्तानं डोळे मिटले. "आई, गडमुडशिंगीतला अर्धा एकर शोभाला देतो!"

सगळे कावळे उडाले आणि शेजारच्यांच्या पिंडावर जेवायला बसले!

"मग ऱ्हाऊ दे," दत्ता म्हणाला.

"ऱ्हाऊ दे कसं? अख्ख्या घाटानं ऐकलंय!" शोभा कडाडली.

झालं! विलायतेतलं भांडण पंचगंगेवर आलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. सगळ्यांना वाढून मग जेवणारी बाई, ती उपाशी जाणार? तिचं काय अडलंय ते मला ठाऊक होतं. पण शेवटचा भाग मी तरी कुठं बघितलेला?

हात जोडले आणि दिलं ठोकून. "सुमन! इस्टेट पोरीलाच मिळाली! तू जिंकलीस! उद्यापासनं च्या माझ्याकडं!"

धुक्यातनं एक कावळा असा झेपावला, की गुरुजींचं उपरणं उडालं. शिवला!

"कुठली इस्टेट, आबा?" दत्ता पांढराफटक पडला.

संध्याकाळी एकट्यानं शेवटचा भाग बघितला. इस्टेट भाच्याला मिळाली. सगळ्या संसारात पहिल्यांदा माझं खरं निघालं, आणि जिला सांगायचं तीच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला आणि दोन कप च्या केला. शब्द दिलेला, तोही घाटासमोर. तिचा कप गच्चीच्या कठड्यावर ठेवला. "सुमन, मी खोटं बोललो," म्हटलं. "पण च्या घे."

कावळा आला. त्यानं कपात बघितलं, माझ्याकडं बघितलं, मान वाकडी केली आणि उडून गेला.

मग मी माझा कप तोंडाला लावला. कावळ्याचं काही चुकलं नव्हतं.