वरच्या रांगेतला नंबर

माझा पुतण्या खामगावात घरोघरी इंटरनेट पुरवतो. परवा तो चिडून सांगत होता, की तिथल्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो, जुने पत्ते संपत आलेत, आणि ते वाटणारी कचेरी विचारते, "आधी दिलेले खरंच वापरता का? दाखवा." मी म्हटलं, "दाखवलेल्यावर फार विश्वास ठेवू नका म्हणावं. मी एकदा दाखवलं होतं."

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि मी मोताळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होतो. एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि पंचवीस भोकांचा बोर्ड. कुणी फोन उचलला की त्याच्या भोकावरची पत्र्याची झडप पडायची. मी वायर खुपसून हवं तिथं जोडून द्यायचो. पंचविसाच्या पंचवीस नंबर वाटून झाले होते. यादीत पुढचं नाव दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. अडलेली बाळंतीण आली, की बुलढाण्याहून गाडी मागवायला त्या पायी माझ्याकडे यायच्या. तेवढा वेळ बाळंतीण एकटी. "बाबू, एखादा नंबर निंघते का पाहा नं," म्हणत त्या परत पळायच्या.

गावातल्या कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे मात्र दोन नंबर, घरी एक आणि दुकानात एक. वरून हुकूम आला, वापरात नसलेले नंबर कळवा. मी महिनाभर वहीत दर फोनमागे एक रेघ ओढली. दुकानाच्या नंबरापुढं एकही रेघ नाही! मी झणझणीत अहवाल लिहिला. नंबर कापला गेला आणि नर्सबाईंना मिळाला. आठवडाभर मी गावातून असा हिंडलो, की जणू तारा मीच ओढल्या.

मग शेठजी नंबर परत मागणारा अर्ज फडकावत आले.

"काऊन हो बाबूसाहेब, माह्या दुकानचा फोन काऊन नेला?"

"तुम्ही वापरतच नव्हते. वहीत आहे."

"अन् खामगावचा भाव रोज येते तो? घरी घंटी वाजली का मी धोतर सावरत गल्ली वलांडतो! मले वाटे, खामगाववालाच घरचा नंबर मांगते."

खामगाववाला कुठलाच नंबर मागत नव्हता. तो म्हणायचा, "शेठजीले लावा." नंबर सांगायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. दुकानाचं भोक सगळ्यात वरच्या रांगेत, माझी उंची बेताची, तिथं वायर घालायची तर स्टुलावरून उठावं लागे. घराचं भोक हाताशी. म्हणून मी सगळे फोन घरी ढकलायचो. बाहेर बोलायला शेठजी स्वतःच घरी जात. गिऱ्हाइकांसमोर भाव कोण बोलणार? म्हणजे महिनाभर मी वहीत मोजला तो माझाच आळस.

मी हे कबूल केलं. शूरपणा काही नाही, ते आधीच बोर्डाकडे आणि मग माझ्या उंचीकडे पाहत होते.

"म्हंजे माहा नंबर तुमच्या बुडानं खाल्ला म्हना!" ते माझ्यासमोर बसले. "आता हेच लिहून द्या. मी अर्जाले जोडतो."

ते म्हणत होते ते खरंच होतं, आणि खरं लिहिलं तर नर्सबाईंचा फोन जाणार होता. मी दौतीत टाक चारदा बुडवला. चौथ्यांदा निम्मं वाक्य झालं, आणि वरच्या रांगेतली झडप पडली.

मी उठलो.

"बुलढाना लावा, बाबू. गाडी पायजे, मूल आडवं हाय."

मी बुलढाणा जोडून दिलं. गाडी निघाल्याचं कळेपर्यंत मी उभाच होतो आणि शेठजीही उभे होते. मी पुन्हा टाक उचलला, तर त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला, घडी केली आणि बंडीच्या खिशात कोंबली.

"माह्या घरचा फोन दुकानात हालवा. घरवाली तसीही मायेराशीच बोलते." दारात जाऊन ते वळले. "अन् भोक तेच ठेवा, खालचं. तुमच्यानं उठनं होत नाही."

खालचं तसंच ठेवलं. वरच्यासाठी मात्र मी मोताळ्यात होतो तोवर उठत राहिलो.