तीनशेची लेन्स आणि गोराईची बोट

नोंद असावी म्हणून लिहिते. रविवार, दिनांक १८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी, बोरिवलीच्या बाजूच्या गोराई जेट्टीवर, आपल्या उपनगर पक्षीछायाचित्रण मंडळाच्या सभासद श्रीमती शकुंतला ओव्हाळ यांना बोटीत चढू न देता परत पाठवण्यात आले. त्यांची वर्गणी भरलेली होती, फेरीसाठी नाव दिलेले होते, आणि त्या वेळेआधी हजर होत्या. कारण एकच सांगण्यात आले. त्यांच्या लेन्सवर ३०० हा आकडा होता आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे तो किमान ४०० असायला हवा होता. आकडा जितका मोठा तितका दूरचा पक्षी जवळ दिसतो, असा त्यामागचा हिशोब.

मी तेव्हा बोटीत बसलेले होते. फेरीचे संयोजक केतनभाई जेट्टीच्या तोंडाशी उभे राहून एकेकाची लेन्स पाहत होते.

"शकुताई, केवढी आहे?"

"तीनशे."

"मग नाही जमणार हो. चारशेच्या खाली नाही. ग्रुपवर टाकलंय ना मी."

"केतनभाई, इथे डोळा लावून एकदा बघा तरी. तुमच्यापेक्षा मोठं दिसतं."

"दिसतं काय ते नाही, लिहिलंय काय ते बघायचं. आज तुम्हाला सोडलं तर उद्या लोक मोबाईल घेऊन येतील. माझी वाट लागेल."

"मोबाईलवाल्यांना मी स्वतः हाकलीन."

"ताई, जोक नको ना. सगळे थांबलेत."

शकुने कॅमेरा पिशवीत ठेवला, मला हात केला आणि ती म्हणाली, "जा गं तू. खंड्या दिसला तर माझा नमस्कार सांग." बोट सुटली. बोटीतल्या बहुतेकांचे लक्ष आपापल्या लेन्सवरचे झाकण काढण्याकडे होते.

हा लेख मंडळाच्या वार्षिकात छापला जाणार आहे, म्हणजे तो वाचणारे बहुतेक जण सभासदच असतील. तरीही शकुंतला ओव्हाळ कोण, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे. आपण एकमेकांना कॅमेऱ्यांवरून ओळखतो. म्हणून तिच्याविषयी लिहिणे भाग आहे.

तिचे वडील धोंडिराम बार्शीकडून मरोळला आले आणि औद्योगिक वसाहतीत रखवालदार झाले. त्याच वसाहतीतल्या, औषधांची खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात शकु आज तपासणी विभागात काम करते. छापून आलेल्या खोक्यांचे गठ्ठे उचलायचे, टेबलावर पसरायचे, रंग फिका पडला असेल ते खोके बाजूला काढायचे. नवरा गेल्यानंतर तिने मुलीला, सपनाला, याच पगारावर शिकवले. अंधेरी पूर्वेला आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि मी दुसऱ्या. एकदा कारखान्यामागच्या नाल्याच्या भिंतीवर तिने खंड्या पाहिला आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, "असला निळा आमच्या मशीनवर सात जन्मांत छापून निघणार नाही." त्यानंतरच्या फेरीला मी तिला सोबत नेले. वर्षभर ती माझ्या दुर्बिणीतून पाहत राहिली, आणि मग तिला कॅमेरा हवासा वाटू लागला.

अडचण उजव्या खांद्याची होती. इमारतीच्या जिन्यात पडून तो दुखावला होता. तो जिना सोसायटीने अजूनही दुरुस्त केलेला नाही, पण ती तक्रार वेगळी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की पुन्हा ताण बसला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यानंतर गठ्ठे उचलायचे काम जमेलच असे नाही. हात गेला की नोकरीही जाणार होती. म्हणून इतर सभासद जिथून सुरुवात करतात, म्हणजे कोणती लेन्स सर्वांत लांबचे आणते, तिथून तिला सुरुवात करता येत नव्हती. आपला खांदा किती वजन किती वेळ धरू शकतो, हे तिला आधी ठरवायचे होते.

त्यासाठी तिने जे केले ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सपनाच्या जुन्या पँटचा एक पाय कापून तिने त्याची नळी शिवली, तीत तांदूळ भरले आणि तोंड घट्ट बांधले. रोज सकाळी चहा झाला की ती नळी डोळ्याला लावून गॅलरीत उभी राहायची आणि समोरच्या एसीवर बसणाऱ्या कावळ्यावर नेम धरायची. खांदा थरथरू लागला की आत येऊन वाटीभर तांदूळ काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आई, बिर्याणीचा फोटो काढतेस का गं?" सपना विचारायची.

समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ घाबरून ओरडले होते, "ओ बाई, बंदूक आहे का काय?"

"कोलम आहे! पाहिजे का?"

कावळा उडेपर्यंत नळी हलली नाही, असा दिवस उगवला तेव्हा तिने तांदूळ काढणे थांबवले. मग ती नळी पिशवीत घालून आम्ही दोघी अंधेरी स्टेशनजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर विशाल नावाचा तरुण होता. त्याने मंडळातल्या सर्वांकडे असते तसली पांढरी, लांबलचक लेन्स पुढे ठेवली.

"काकू, डोळे मिटून हीच घ्या. झकास आयटम आहे. विकायला काढलीत तरी किंमत येते."

शकुने एका हातात लेन्स घेतली, दुसऱ्या हातात तांदळाची नळी. लेन्सचा हात खाली गेला.

"आणि खांदा विकायला काढला तर किती येते रे?"

विशाल हसला, पण मुलगा समजूतदार निघाला. त्याने आतून एक लहान कॅमेरा आणि तीनशेची लेन्स आणली. दोन्ही मिळून नळीपेक्षा हलकी होती. मग त्याने जे समजावले ते इथे सांगायला हवे, कारण या प्रकरणातला मंडळाचा अपराध त्यातच आहे. मोठ्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारी जी पट्टी, म्हणजे सेन्सर, असते, तिच्या निम्म्या लांबीरुंदीची पट्टी या लहान कॅमेऱ्यात असते. लेन्समधून येणाऱ्या दृश्याचा केवळ मधला भाग ती घेते. त्यामुळे तीनशेच्या लेन्सने या कॅमेऱ्यात पक्षी जेवढा मोठा भरतो, तेवढा मोठ्या कॅमेऱ्यात भरायला सहाशेची लेन्स लागते. यात तोटाही आहे, आणि विशालने तो लपवला नाही. उजेड कमी झाला की चित्रात रवाळपणा येतो. शकु म्हणाली, "अंधारात मी तरी कुठे चाललेय?" आणि तिने तो संच घेतला.

आता नियमाविषयी. तो वाईट हेतूने केलेला नाही, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. ज्याला पक्षी लहान दिसतो तो चांगल्या चित्रासाठी पुढे पुढे सरकतो, पक्षी उडतो, आणि मागे उभ्या असलेल्यांची सकाळ फुकट जाते. यावर उपाय म्हणून माणसाने पक्ष्यापासून किती दूर थांबावे, हे ठरवता आले असते. आपण तसे केले नाही. आपण लेन्सवरचा आकडा मोजला, कारण तो वाचता येतो आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालावा लागत नाही. परिणामी मोठ्या कॅमेऱ्यावर चारशेची लेन्स लावणाऱ्याला बोटीत जागा मिळते, आणि त्याच्यापेक्षा लांबचे पाहणारी शकु जेट्टीवर राहते.

एकटीने गोराईला जाणे तिला शक्य नव्हते. खाडीकाठच्या बांधावर ओहोटीच्या वेळी तासन् तास माणूस दिसत नाही, आणि सपनाने त्यासाठी साफ नकार दिला होता. तिला टिपायचा होता तो काळ्या टोपीचा खंड्या थंडीतच खाडीकाठच्या तिवरांत येतो आणि उन्हाळा लागला की दिसेनासा होतो. तेव्हा शकुपुढे दोनच मार्ग उरले. एक तर हंगाम सोडून द्यायचा, नाहीतर जड लेन्स घ्यायची.

आपले ज्येष्ठ सभासद जयवंत राणे यांनी चांगुलपणाने तिसरा मार्ग सुचवला. त्यांनी स्वतःची जुनी पाचशेची लेन्स, ती बसते त्या कॅमेऱ्यासकट, आणि ती टेकवायला एका पायाची काठी शकुला वापरायला दिली. "भार काठीवर जाईल, तुम्ही फक्त वळवायची," ते म्हणाले. मी शकुला नको म्हटले होते.

"अगं, नळीची सवय आहे मला."

"नळी किती हलकी झाली होती शेवटी? आणि ही?"

"म्हणून तर काठी आहे ना. तू ना, कॉलेजात शिकवून शिकवून घरीसुद्धा पेपर तपासतेस."

१५ फेब्रुवारीच्या फेरीत केतनभाईंनी लेन्सवरचा आकडा वाचला आणि तिला आनंदाने बोटीत घेतले. गोराईच्या बांधावर ऊन नुकतेच आले होते. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात तुतवार पक्षी किडे टिपत होते. त्यांच्या पलीकडे, जाळी बांधायला रोवलेल्या खुंटावर, तो बसला होता. काळी टोपी, पांढरी मान, लाल चोच आणि पाठीवर तो निळा. शकुने काठी टेकवली. मग कॅमेऱ्याला डोळा लावला.

तेवढ्यात आपले एक सभासद बांध उतरून चिखलात शिरले. त्यांच्याकडे मंडळातली सर्वांत लांब लेन्स आहे, आणि त्यांना फक्त खंड्याच्या डोळ्याचे चित्र हवे होते. जयवंतरावांनी हलक्या आवाजात, "अरे, थांब ना यार!" म्हटले. ते थांबले नाहीत. खंड्या उडाला आणि आमच्या डोक्यावरून वळला. काठीवरची लेन्स तितकी वर वळत नाही. शकुने ती काठीसकट उचलली, आणि तिचा उजवा खांदा दगा देऊन गेला.

लेन्स दुसऱ्याची होती म्हणून तिने आधी ती डाव्या हाताने ओढणीवर नीट ठेवली आणि मग बांधावर बसली. चेहरा पांढरा पडला होता.

"अहो, लेन्स राहू द्या! हात बघू," जयवंतराव धावत आले.

"लेन्सला काही झालं नाही ना?"

"झालं असतं तरी चाललं असतं हो ताई."

"मग हे आधी सांगायचं ना. टाकून नसती का दिली?" ती म्हणाली. हसताना तिला कळ आली, ते मला दिसले.

शस्त्रक्रिया टळली, पण थोडक्यात. सध्या हात झोळीत आहे आणि कारखान्याने तिला गठ्ठ्यांवरून काढून बसून करायच्या कामावर ठेवले आहे. हे किती दिवस चालवून घेतील, ते त्यांनी सांगितलेले नाही. डॉक्टरांच्या मते पावसाळा संपेपर्यंत खांदा हलके वजन धरू लागेल, म्हणजे तिचा लहान कॅमेरा तिला पुन्हा चालवता येईल. जड लेन्स मात्र यापुढे कधीही नाही. जयवंतरावांनी आपली लेन्स परत नेली आणि ते अजूनही तिच्या नजरेला नजर देत नाहीत, जरी चूक त्यांची नव्हती. चिखलात उतरलेल्या सभासदांना मंडळाने काहीही विचारलेले नाही. विचारणार तरी काय? त्यांच्या लेन्सवरचा आकडा नियमात बसतो.

मागच्या आठवड्यात मी शकुला म्हटले की हे सगळे लेखी मांडले पाहिजे.

"मांड की. तुला आवडतंच ते. पण केतनभाईंवर भडकू नकोस हं. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त एकाला हो आणि एकाला नाही म्हणायला भीती वाटते."

"आणि तुझं काय?"

"मला ऑक्टोबरला गोराईला जायचंय. बाकी काही नाही."

म्हणून केतनभाईंवर मी रागावलेली नाही. माझे बोलणे आपल्या सर्वांशी आहे. येत्या एप्रिलमध्ये मंडळाची वार्षिक सभा आहे आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक सभासदाला तिथे मत आहे. सभेला या. लेन्सच्या आकड्याचा नियम रद्द करा. त्याच्या जागी पक्ष्यापासून किती अंतरावर थांबायचे याचा नियम करा, तो सर्वांत लांब लेन्सवाल्यालाही लावा, आणि जो मोडेल त्याला पुढच्या फेरीला घरी बसवा. ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत शकुंतला ओव्हाळ यांना त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यासह बोटीत जागा द्या.