चहातल्या पिंपळीसाठी अंजनगाव सुर्जीला

पडेगावला दौलताबाद रोडवर अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चहाची टपरी आहे. आमच्या चहात आलं नाही, पिंपळी पडते. लांबट, काळपट, मिऱ्याची चुलत बहीण. तिचा तिखटपणा घोट उतरल्यावर घशात कळतो. पण हल्ली बाजारातून येणारी पिंपळी नुसती काडी निघू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली, तेव्हा अप्पा म्हणाले, "आता पुडीचा मसाला टाकू. हा नाद लई झाला." मी म्हणालो, एकदा जिथं पिकते तिथून आणून बघतो, मग ठरवा. वाळूजच्या कंपनीत रजा टाकली आणि निघालो.

जालना, चिखली, खामगाव करत एसटीनं अकोला. जायचं तर थंडीत जा, तोडणी तेव्हाच असते. स्वेटर हाताशी ठेवा, आमच्या गाडीची खिडकी वाटेत बंदच होईना. मुक्कामाची खोली बघूनच भाडं ठरवा. मी गादीसुद्धा उलटून बघितली. मालक हसला, पण बघू दिली. बाहेर झुणका-भाकर स्वस्त आणि झणझणीत. सकाळी अकोटमार्गे अंजनगाव.

मळ्यात वेली झाडांवर चढवलेल्या, आत ओला गारवा. मी पाऊल टाकणार तोच मळ्याचे मालक रामदासकाका म्हणाले, "चपला भाईर काढा भाऊ. मळा म्हणजे देऊळ हाये आमचं." इथं सगळे अनवाणीच आत जातात. तुम्हीही लक्षात ठेवा.

खरी अडचण पुढं आली. काका किरकोळ विकत नाहीत. सगळा माल औषधासाठी व्यापारी उचलतो. काकूंनी सांगितलं, खोकला झाला की मधातून चाटवतो, पण चहात कोण टाकते? रिकाम्या हातानं परतलो असतो तर पुडी ठरलेलीच होती. मी धीर करून म्हणालो, एकदा करून दाखवू का?

काकूंनी चूल मोकळी करून दिली. वाळलेली पिंपळी तव्यावर शेकली, खलबत्त्यात ठेचली. पूड करायची नाही, चहा गढूळ होतो. आधी पाण्यात उकळली, मग साखर, पत्ती, शेवटी दूध. हात टपरीच्या सवयीनं चालला. काकूंनी घोट घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मग उमगलं, आमचं माप जुनाट, मेलेल्या पिंपळीचं होतं. घाईनं दूध वाढवून पुन्हा उकळी आणली.

काका बशीतून सावकाश प्यायले. "इतकी वर्षं पिकवली," ते म्हणाले, "चव आज समजली." आणि काकूंना घरासाठी राखलेली पिंपळी आणायला सांगितली. पिशवी माझ्या हातात देताना काकू म्हणाल्या, "वडलायले सांगजो, हात आखडून टाका."

घरी अप्पांनी एक पिंपळी दाताखाली धरली. मग आणून ठेवलेला पुडीच्या मसाल्याचा डबा फळीवरून काढला आणि तिथं माझी पिशवी ठेवली. दुसऱ्या दिवशी आमच्या रोजच्या रिक्षावाल्या चाचांनी अर्धा कप संपवून विचारलं, "अप्पा, आज चाय में क्या डाले?"

"पिंपळीच. माझ्या पोरानं आणली, थेट मळ्यातून."

पिशवी उन्हाळ्यापर्यंत संपेल. पण त्या दिवशी ज्यांनी काही विचारलं नाही, त्यांनाही अप्पा कप देताना हेच सांगत होते, आणि मी मागं उभा राहून कप विसळत होतो.